अलीकडे खेळलेले गेम: जिथे हाती लागतं ते फक्त कळणं

पाऊलवाट

गेल्या पावसाळ्यापासून जे गेम खेळले, त्यांतल्या काहींनी मनात असं घर केलंय की त्यांच्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय नवा गेम सुरू करावासा वाटत नाही. म्हणून हा धागा. रहस्यभेद होईल तेवढा टाळते, कारण यातल्या बहुतेक गेमांची सगळी मजा एखादी गोष्ट पहिल्यांदा कळण्यातच आहे.

माझी आवड आधी सांगते. मोठ्या गेमांमध्ये साधारणपणे आपलं पात्र वाढत जातं. तलवारीला धार येते, चिलखत जाड होतं, आकडे चढत राहतात. काही महिन्यांनी गेम पुन्हा उघडला तर तो सगळा ऐवज जागच्या जागी असतो, पण खेळणारा होता तिथेच असतो. मला ओढ आहे ती उलट्या जातीच्या गेमांची. त्यांत पात्राला पहिल्या मिनिटाला जे जमतं तेच शेवटच्या मिनिटाला जमतं. नवी हत्यारं नाहीत, लेव्हल नाही. वाढतो तो खेळणारा. दार सुरुवातीपासून उघडंच असतं, ते दार आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. 2018 चा गेम, लुकस पोप यांनी जवळजवळ एकहाती केलेला. साल 1807. ईस्ट इंडिया कंपनीचं एक व्यापारी जहाज, 1802 मध्ये लंडनहून निघालेलं आणि मध्यंतरी बेपत्ता झालेलं, अचानक इंग्लंडच्या फाल्मथ बंदराशी येऊन लागतं. त्यावर जिवंत कोणी नाही. आपण कंपनीच्या वतीने विम्यासाठी तपासणी करायला जातो. हातात एक वही आणि एक घड्याळ. सांगाड्याजवळ घड्याळ उघडलं की आधी काळोखात त्या माणसाच्या मरणाआधीचे आवाज ऐकू येतात, आणि मग मृत्यूच्या नेमक्या क्षणी गोठलेलं दृश्य समोर उभं राहतं. त्या दृश्यात हिंडायचं, वाकून बघायचं, कोण कुठे उभं आहे ते टिपायचं. एकूण साठ माणसं. प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं, एवढंच वहीत भरायचं.

सगळं चित्र दोनच रंगांत, ठिपक्याठिपक्यांचं, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखं. सुरुवातीला डोळ्यांना ते खुपतं. मग लक्षात येतं की रंग नसल्यामुळेच आपण आकार, टोप्या, बूट, उभं राहण्याची ढब यांकडे इतकं निरखून बघतोय. कोण अनवाणी आहे, कोण कुठल्या भाषेत ओरडतंय, कोणाच्या बोटात अंगठी आहे, सगळं पुरावा होतं.

यातली सगळ्यात हुशार कल्पना पडताळणीची आहे. तीन जणांची माहिती अचूक भरली गेली की मगच वही ती पक्की करते. एकेकाचं बरोबर-चूक सांगितलं असतं तर आपण अंदाजपंचे नावं टाकत सुटलो असतो. तिघांच्या अटीमुळे तुक्का मारणं परवडत नाही. विचारच करावा लागतो. आणि ज्या क्षणी तीन नावं एकदम पक्की होतात, त्या क्षणाचा आनंद मला कुठल्याही बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूला, हरवून मिळालेला नाही.

या जहाजाच्या यादीत भारतातले खलाशीही आहेत. कथेत त्यांच्या वाट्याला संवाद फार येत नाहीत. त्यांची नावं शोधताना मी इतर कोणाहीपेक्षा जास्त वेळ थांबले. कंपनीच्या कारभाराच्या वहीत ही माणसं बेनाव राहू नयेत असं मनापासून वाटत होतं.

आउटर वाइल्ड्स. 2019 चा. ॲलेक्स बीचम यांचा विद्यापीठातला पदव्युत्तर प्रकल्प वाढत वाढत हा गेम झाला. एक छोटी सूर्यमाला, एक लाकडी वाटावं असं खडखडतं यान, आणि बावीस मिनिटं. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी जागे होतो. यानाच्या नोंदवहीतली टिपणं तेवढी उरतात, बाकी सगळं पूर्ववत.

इथले ग्रह रंगवलेले पडदे नाहीत, ते खरोखर फिरत असतात. दोन जुळ्या ग्रहांमध्ये वाळू एकावरून दुसऱ्यावर ओतली जाते; एकाची भुयारं बुजत जातात त्याच वेळी दुसऱ्यावरचे मनोरे उघडे पडत जातात. एका ग्रहाचं कवच तुकड्यातुकड्यांनी पोटातल्या कृष्णविवरात कोसळतं. एकावर फक्त समुद्र आणि वादळं, आणि ती वादळं अख्खी बेटं उचलून आकाशात भिरकावतात. म्हणजे 'कुठे जायचं' याच्या इतकंच 'कधी जायचं' महत्त्वाचं. हे सगळं कोणी समजावून सांगत नाही. नोमाई नावाच्या लुप्त झालेल्या जमातीने भिंतींवर वळणावळणांनी लिहिलेली संभाषणं वाचायची आणि आपणच जुळवायचं.

त्या नोमाईंबद्दल मला फार माया वाटायला लागली. ते शास्त्रज्ञ आहेत, एकमेकांची थट्टा करतात, चुकलं तर भिंतीवर चुकलं म्हणून लिहितात. त्यांना काय शोधायचं होतं हे कळत जातं तसतसा आपला शोध आणि त्यांचा शोध एकच होतो. अँड्र्यू प्राह्लो यांचं संगीतही त्या शोधाचाच भाग आहे: वेगवेगळ्या ग्रहांवर पांगलेले प्रवासी एकेक वाद्य वाजवत बसलेत, आणि योग्य ठिकाणी उभं राहून दुर्बिणीसारखं ते ऐकण्याचं यंत्र रोखलं की सगळ्यांची मिळून एकच धून आहे हे कळतं.

पेन्टिमेंट. ऑब्सिडियन या गेम कंपनीतल्या एका छोट्या गटाने जॉश सॉयर यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला, 2022 चा. सोळाव्या शतकातलं बव्हेरिया. टासिंग नावाचं कल्पित गाव आणि त्याला लागून एक मठ. आंद्रेआस मालर हा चित्रकार मठाच्या लेखनशाळेत हस्तलिखितं रंगवायला आलाय. 1518 मध्ये तिथे एका सरदाराचा खून होतो आणि आळ येतो आंद्रेआसच्या म्हाताऱ्या गुरूवर. कथा तिथून 1525 च्या शेतकऱ्यांच्या बंडाकडे, आणि मग 1543 पर्यंत जाते. तीच घरं, तीच कुटुंबं. लहान मुलं मोठी झालेली, ओट्यावर बसणारी म्हातारी माणसं आता नाहीत.

या गेममध्ये कोणाचाही आवाज ऐकू येत नाही. संवाद पडद्यावर लिहिले जातात आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं. शेतकऱ्यांचं घाईचं, मठातल्यांचं टोकदार गॉथिक वळणाचं, छापखानेवाल्यांचं खिळे जुळवून ठसा उमटावा तसं, त्या ठोक्याच्या आवाजासकट. आणि आंद्रेआसला एखाद्याबद्दल नवं काही कळलं, उदाहरणार्थ हा साधा वाटणारा माणूस चांगला शिकलेला आहे, की त्या माणसाचं अक्षर बदलतं. कळणं डोळ्यांना दिसावं अशी इतकी सुंदर युक्ती मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेली नाही.

ओब्रा डिनच्या अगदी उलट टोक इथे आहे. तपासाला वेळ मोजका, सगळ्या वाटांनी जाता येत नाही. कोणाच्या घरी जेवायला बसायचं हे ठरवतानाही दुसऱ्या घरची माहिती हातची जाते. शेवटी आपल्या शब्दावर एकाचा जीव जातो. आणि प्रत्यक्ष हात कोणाचा होता हे गेम ठामपणे सांगतच नाही. पुढच्या भागात त्या माणसाच्या घरच्यांना भेटावं लागतं.

ब्लू प्रिन्स. 2025 चा. वारशात मिळालेला वाडा, नऊ ओळींत पाच-पाच असे पंचेचाळीस चौकोन, आणि शोधायची आहे शेहेचाळीसावी खोली. प्रत्येक दाराशी तीन नकाशे समोर येतात, त्यांतली एक खोली निवडायची, दिवसाची पावलं मोजकी, दुसऱ्या दिवशी वाडा पुन्हा कोरा. कल्पना भन्नाट आहे, पण उत्तर माहीत असूनही हवी ती खोली पुढ्यात न आल्यामुळे दिवस वाया जातो तेव्हा माझा उत्साह ओसरतो. शिवाय कोडी इंग्रजी शब्दांच्या खेळांवर फार अवलंबून आहेत. वही-पेन घेऊन बसणाऱ्यांनी जरूर खेळावा. माझ्या यादीत तो या सगळ्यांच्या खाली.

वेन्बा अगदी छोटा, एका संध्याकाळीत संपणारा. त्याबद्दल कोणी खेळलं असेल तर प्रतिसादात बोलू.

---

खलाशी

ओब्रा डिनबद्दल वाचून राहवलं नाही. मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं काढली. पुतण्याने हा गेम लावून दिला तेव्हा मी आधी माणसं सोडून जहाजच बघत बसलो. वरचा डेक, खाली तोफांचा डेक, त्याखाली ऑर्लॉप, सगळ्यात खाली मालाची कोठी. शिड्या, डोलकाठ्या, दोर, झोळ्या टांगायच्या जागा, सगळं बारकाईने उभं केलंय. आणि गेममध्ये ते नुसतं सजावटीला नाही. कोणाचं काम काय यावरून तो वादळात कुठे असायला हवा हे ठरतं. डोलकाठीवर चढणारा, सुतार, खानसामा, तोफची, प्रत्येकाची जागा ठरलेली. जहाजावर काम केलेल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं आणि फार बरं वाटतं.

त्या खलाशांबद्दल थोडी भर घालतो, पाऊलवाटताई. कंपनीची जहाजं इंग्लंडहून निघताना गोरा ताफा घेऊन निघत. इथे पोचेपर्यंत काही आजाराने गेलेले, काही पळून गेलेले, काहींना आरमाराने उचललेलं. मग परतीच्या प्रवासाला इथूनच माणसं भरून घेत. कोकण, गुजरात, बंगाल, सगळीकडची. त्यांच्यावर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, अशी उतरंड असे, आणि बोलणी सारंगाशीच होत. त्यामुळे कंपनीच्या कागदांत कितीतरी खलाशांची नावं नीट उतरलीच नाहीत. गेममध्ये निदान प्रत्येकाला नाव आहे, चेहरा आहे, आणि ते जुळवल्याशिवाय वही पुरी होत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

आणखी एक. त्या काळातली उत्तम जहाजं मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधली, सागवानात. त्यांतलं 1817 चं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलंय. ओब्रा डिनवर फिरताना मला सारखं तेच आठवत होतं.

---

रात्रपाळी

धागा छान, पण मुख्य मुद्द्याशी मी भांडणार आहे.

मी सध्या 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' खेळतोय. ॲडलेडच्या टीम चेरीचा, 2019 ला जाहीर झालेला आणि 4 सप्टेंबर 2025 ला आलेला. आला त्या दिवशी डाउनलोडची दुकानंच कोलमडली होती, इतकी माणसं वाट बघत होती. ताई म्हणतात तसं पात्राला ताकद मिळत जाते हे खरं. पण लास्ट जज या बॉससमोर उभं राहा आणि सांगा की तिथे काय कामाला येतं. बहुतेक मार दुप्पट लागतो, त्यामुळे आयुष्य भराभर संपतं. चिलखताने काही होत नाही. तो हात कधी उचलतो, उचलल्यावर किती थांबतो, खाली आपटतो की फेकतो, हे वाचावं लागतं. पहिल्या काही लढतींत नुसता गोंधळ दिसतो. मग एके क्षणी त्याच हालचाली स्पष्ट दिसायला लागतात. तो बदललेला नसतो, मी बदललेलो असतो.

मग हेही कळणंच झालं ना? फक्त ते डोक्यात न बसता बोटांत बसतं. तुमच्या व्याख्येत सिल्कसाँग बसत नसेल तर व्याख्या थोडी रुंद करा.

तिथला तक्रारीचा मुद्दा वेगळाच आहे. लास्ट जजकडे पुन्हा पोचायला दरवेळी लांबची वाट तुडवावी लागते. काही ठिकाणी बाकावर बसून सेव्ह करायलाही माळेचे मणी मोजावे लागतात. हे मला खरंच आवडलं नाही. कळण्याचा वेळ चालण्यात जातो.

---

पाऊलवाट

@खलाशी, किती सुंदर भर घातलीत. डेकच्या रचनेचा आणि कामाच्या जागेचा संबंध मला खेळताना जाणवला होता, पण जहाजावर राहिलेल्या माणसाकडून ऐकणं वेगळंच. तुम्ही तुमच्या अनुभवावर स्वतंत्र धागा काढलात तर आम्ही सगळे वाचू.

@रात्रपाळी, तुमचं बरंचसं पटलं. बॉसची चाल वाचणं हेही वाचनच. तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बोटांत बसलेलं कसब सरावाने वाढतं आणि सराव सुटला की उतरतं. काही महिन्यांनी लास्ट जज पुन्हा तुम्हाला धूळ चारेल, आणि पुन्हा जिंकलात की पुन्हा तितकाच आनंद होईल. आउटर वाइल्ड्सचं तसं नाही. जे कळलं ते कायमचं. ज्याला सगळं ठाऊक आहे तो नवा खेळ सुरू करून पहिल्याच बावीस मिनिटांत थेट शेवटापर्यंत जाऊ शकतो, गेमची त्याला काहीच आडकाठी नाही. म्हणून तो पुन्हा पहिल्यासारखा खेळता येत नाही. मला ही किंमत मान्य आहे, किंबहुना त्यामुळेच तो मला इतका जवळचा वाटतो. इतरांनी खेळताना शेजारी बसून बघायला मात्र मला खूप आवडतं. माझ्या भावाला एका ग्रहावर 'अरे थांब, म्हणजे हे...' असं म्हणताना ऐकलं तेव्हा मला स्वतःला कळल्याच्या वेळेइतकाच आनंद झाला.

परतीच्या वाटेबद्दल शंभर टक्के सहमत.

---

तळ्यातमळ्यात

दोन प्रश्न. 1) माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. यातलं काय चालेल? 2) पात्राच्याच डोळ्यांनी बघत फिरायचे (फर्स्ट पर्सन) गेम खेळले की मला मळमळतं. आउटर वाइल्ड्स झेपेल का?

---

रात्रपाळी

@तळ्यातमळ्यात, पेन्टिमेंट आणि वेन्बा निर्धास्त घ्या, दोन्ही सपाट चित्रांचे आहेत, मळमळीचा प्रश्न नाही. ओब्रा डिन दिसतो साधा पण आतून त्रिमिती आहे. तरी यंत्रावर फार ताण देत नाही. आउटर वाइल्ड्सला मात्र बऱ्यापैकी यंत्र लागतं, आणि यानात वर-खाली असं काही नसतं, त्यामुळे ज्यांना त्रास होतो त्यांना तिथे हमखास होतो. विकत घेण्याआधी परतीची मुदत बघून ठेवा, तेवढ्या वेळात अंदाज येतो.

---

दोन_ओळी

पेन्टिमेंटबद्दल इतक्या प्रेमाने लिहिलेलं मराठीत पहिल्यांदाच वाचलं. मी मूळची म्हापशाची, छापखान्याच्या इतिहासात रस असलेली, त्यामुळे हा गेम माझ्यासाठीच केलाय असं वाटलं.

गेमचा शेवटचा भाग 1543 च्या सुमाराचा. त्यानंतर तेराच वर्षांनी, 1556 मध्ये, गोव्यात सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. म्हणजे टासिंगमध्ये ज्या यंत्रामुळे मठाची लेखनशाळा ओस पडत चाललेली दिसते, ते यंत्र लवकरच आमच्या किनाऱ्याला लागणार होतं. खेळताना हे डोक्यात असलं की त्या छापखानेवाल्या कुटुंबाकडे वेगळ्याच नजरेने बघितलं जातं. ती माणसं गावात सगळ्यांत उत्साही आहेत, आणि त्यांच्या उत्साहाची झळ ज्यांना बसणार ते मठातले वृद्ध लेखनिक त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बसलेत. गेम दोघांपैकी कोणालाही वाईट ठरवत नाही.

अक्षरं वाचायला जड जात असतील त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये सोपी अक्षरं निवडायची सोय आहे. पण शक्य असेल तर मूळ अक्षरांतच खेळा. आणि ज्या शब्दांखाली रेघ आहे ते उघडून बघा. चित्र मागे सरकून पानाच्या समासात त्या शब्दाची, व्यक्तीची माहिती येते. मी सगळे समास वाचले.

एका मुद्द्यावर मात्र मतभेद. खुनी कोण हे न सांगणं मला पहिल्या भागात फार खटकलं. तपासाचा खेळ मांडायचा, खेळणाऱ्याकडून एवढी मेहनत करून घ्यायची, आणि मग उत्तर हातात द्यायचं नाही? पुराव्यांत कोणाचं पारडं जड आहे हेही नीट कळू नये अशी रचना आहे. ओब्रा डिन आपल्या मेहनतीचा मान ठेवतो. इथे मला तसं वाटलं नाही.

---

पाऊलवाट

@दोन_ओळी, 1556 चं ध्यानात आलं नव्हतं, आता पुन्हा खेळताना ते सोबत असेल. धन्यवाद!

उत्तर न देण्याबद्दल: ओब्रा डिनमध्ये सगळे आधीच गेलेले आहेत. आपण काय लिहितो याने त्यांचं काही बिघडत नाही, म्हणून तिथे निर्भेळ सत्य मिळू शकतं. टासिंगमध्ये आरोपी जिवंत आहेत, सगळ्यांकडे कारणं आहेत, आणि सगळे मला जेवायला वाढतात. मी बोट दाखवलं की त्यातलं एक घर उद्ध्वस्त होणार. पुरेसं कळलेलं नसताना निर्णय घ्यावा लागणं हाच त्या भागाचा गाभा आहे. गेमने शेवटी 'शाब्बास, तुझं बरोबर होतं' म्हटलं असतं तर दुसऱ्या भागात त्या कुटुंबासमोर उभं राहताना मला काहीच वाटलं नसतं. माझ्या मते मेहनतीचा मान तिथेही ठेवलाय, फक्त तो निकालाच्या रूपात दिलेला नाही.

---

चौथा कोपरा

पुण्याच्या गेमचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. राजी: ॲन एन्शन्ट एपिक, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2020 चा. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि वरून हे सगळं बघत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी किल्ले आणि हवेल्या, पहाडी शैलीची चित्रं, कथेसाठी सावल्यांच्या बाहुल्या. यांनी 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरीही त्यांनी गेम पुरा केला. याचं मला खरंच कौतुक आहे.

हा तुमच्या 'कळण्याच्या' जातीचा नाही, सरळ उड्या मारण्याचा आणि लढण्याचा आहे. दिसतो इतका देखणा की मी कितीतरी वेळा लढाई संपल्यावर नुसता भिंतीवरची चित्रं बघत थांबलो. त्या चित्रांजवळ गेलं की पुराणातली ती गोष्ट ऐकू येते. खांबाला धरून गिरकी घेणं, भिंतीवरून उलटी उडी, यांत सर्कशीतल्या मुलीची चपळाई बरोबर उतरलीय. मात्र लढाया पुढे पुढे एकसुरी होतात, आणि कथा जिथे रंगात येते तिथेच थांबते. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. मी ते लावून खेळलो आणि फरक पडतो. दुर्गा-विष्णूंच्या तोंडी इंग्रजी ऐकताना मी सारखा बाहेर फेकला जात होतो.

पुण्यातल्या लोकांनी मराठी संवादांचाही विचार करावा. त्यासाठी मी पुन्हा विकत घेईन.

---

बर्फाळ

वेन्बाबद्दल मी लिहिते, कारण मी टोरांटोजवळच राहते आणि हा गेम इथल्याच विसाई गेम्सने केलाय. 2023 चा. 1980 च्या दशकात तमिळ जोडपं कॅनडात येतं. वेन्बा ही आई, पावलन हे वडील, पुढे कविन हा मुलगा. आईच्या आईची पाककृतींची वही प्रवासात फाटली, पुसट झाली. त्यातलं गहाळ झालेलं जुळवत पदार्थ करायचे, एवढाच खेळ. सुरुवात इडलीपासून. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे कोडं म्हणून समोर येतं आणि आपण घरी रोज करतो त्यात किती अक्कल आहे हे जाणवतं.

पाऊलवाट, तुमच्या मुद्द्यात हा गेम अगदी चपखल बसतो, फक्त उलट्या बाजूने. इथे कळणं कमी होत जातं. आई तमिळमध्ये बोलते आणि मुलाला जे समजत नाही ती अक्षरं पडद्यावर धूसर होतात. आधी आपण आईच्या जागी असतो, आपल्याला सगळं समजत असतं. मग कविनच्या जागी बसवतात आणि तीच वही आपल्याला वाचता येत नाही. माझा मुलगा इथेच वाढला. तो मराठी समजतो, वाचत नाही. आम्ही दोघांनी मिळून खेळला. धूसर अक्षरं आली तेव्हा तो म्हणाला, 'आजीचा फोन असाच ऐकू येतो मला.' त्यानंतर आमचं त्याच्या-माझ्या भाषेबद्दल जे बोलणं झालं ते आधी कधी झालं नव्हतं. आता तो आठवड्यातून एकदा आजीकडून एक पाककृती विचारून लिहून घेतो, देवनागरीत, हळूहळू.

स्वयंपाकघरातल्या रेडिओवर लागणारी गाणी काळानुसार बदलतात, वेगवेगळ्या दशकांतल्या तमिळ सिनेसंगीताच्या ढंगाची. ती गेमसाठीच केलेली आहेत. 2024 मध्ये या गेमला पदार्पणासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. लांबी कमी म्हणून काही जण नाराज असतात. मला एक मिनिटही कमी पडलं नाही.

---

तळ्यातमळ्यात

वेन्बा घेतला, कालच पुरा केला. बर्फाळताई, तुमचा प्रतिसाद वाचून घेतला होता. बिर्याणीचा भाग आईला दाखवला, तिने थर लावण्यावरून मला चार सूचना केल्या. त्यातल्या दोन गेमच्या पाककृतीशी जुळल्या. आता पेन्टिमेंट.

---

खलाशी

पाऊलवाटताई, तुमचं वाचून पुतण्याकडून आउटर वाइल्ड्स लावून घेतला. नोमाईंचं लेखन वाचायला फार आवडतंय. पण यान उतरवणं काही जमत नाही. समुद्रावर जहाज इतकं वाहवत नाही. काही उपाय?

---

पाऊलवाट

@खलाशी, वाहवण्याचं कारण असं की एकदा दिलेला वेग आपोआप कमी होत नाही. उलट दिशेला तेवढाच जोर लावल्याशिवाय यान थांबत नाही. म्हणून लांबूनच ग्रहाला लक्ष्य करा आणि वेग जुळवायचं बटण दाबून धरा, म्हणजे ग्रहाच्या मानाने तुमचा वेग शून्य होतो. मग अगदी थोडा थोडा जोर देत जवळ जा. जमीन दिसायला लागली की खालचा कॅमेरा सुरू करा, त्यात यानाच्या बरोबर खालचा भाग दिसतो आणि कडेला आदळणं टळतं. स्वयंचलित उड्डाण वापरणार असाल तर निघण्याआधी समोर बघा: ते सरळ रेषेत जातं आणि वाटेत सूर्य आला तरी वळत नाही.

पहिले काही फेरे चंद्रावर उतरायचा सराव करा. तो गावाच्या डोक्यावरच आहे, ओढ कमी आहे, आणि तिथे एक प्रवासी शीळ घालत बसलाय. त्याच्याशी बोला, पुढे कुठे जावं याचा धागा तिथे मिळतो.